वरिष्ठांना कळवले, मग प्रशिक्षकाचे काम संपले का?

प्रश्न : आम्ही हेदवीत तिघे मिळून गावातल्या मुलामुलींना संध्याकाळी कबड्डी शिकवतो. पैसे कुणी घेत नाही. मंडळाचे अध्यक्ष आणि खजिनदार मुंबईला असतात. शिमग्याला आणि गणपतीला येतात, एरवी सगळे फोनवर. परवा सराव संपल्यावर अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाच्या प्रकरणावर बोलणे निघाले आणि आमच्यातच दोन तट पडले. एक म्हणतो, त्या म्हाताऱ्या प्रशिक्षकाने ऐकलेली गोष्ट लगेच वरच्यांना कळवली, स्वतः काही वाईट केले नाही, मग त्याला का काढले? दुसरा म्हणतो, सगळ्यात मोठा दोष त्याचाच. मला दोघांचेही थोडे थोडे पटते. आमच्याकडे तसले काही घडलेले नाही आणि घडू नये. पण समजा, उद्या एखाद्या मुलीने येऊन काही सांगितले, तर मुंबईला अध्यक्षांना फोन केला की आमचे काम झाले का? कायदा काय म्हणतो? आणि सांगितलेले खोटे निघाले तर आम्हीच अडकणार नाही ना?
— एक कबड्डी प्रशिक्षक, हेदवी (ता. गुहागर)

उत्तर : तुमच्या शेवटच्या प्रश्नांची उत्तरे आधी देतो, कारण ती लांबणीवर टाकण्यासारखी नाहीत. मुंबईला फोन केल्याने तुमचे काम होत नाही. आपल्या देशात ही माहिती पोलिसांना द्यायची असते आणि ज्याला ती कळली त्यानेच द्यायची असते. प्रामाणिकपणे दिलेली माहिती पुढे सिद्ध झाली नाही, तरी देणाऱ्यावर कारवाई होत नाही. आता तुमच्या दोन तटांकडे वळू. तो वाद वरवर मिटवण्याजोगा नाही आणि त्यात तुमच्या मैदानाला लागू पडणारे पुष्कळ आहे.

जो पटर्नो १९६६ पासून पेन स्टेटच्या अमेरिकन फुटबॉल संघाचे मुख्य प्रशिक्षक होते. ४६ हंगाम आणि ४०९ विजय त्यांच्या नावावर होते. विद्यापीठाच्या आवारात त्यांचा पुतळा उभा होता आणि ग्रंथालयाला त्यांच्या कुटुंबाचे नाव होते. त्यांचे अनेक वर्षांचे सहायक जेरी सँडस्की यांनी १९७७ साली ‘द सेकंड माइल’ नावाची संस्था काढली होती. घरची आबाळ असलेल्या, बहुधा वडिलांविना वाढणाऱ्या मुलांना हात देण्यासाठी ती होती. या मुलांना सँडस्की सामन्यांना नेत, बूट-जर्सी देत, स्वतःच्या घरी राहायला बोलावत. गावाला त्यांचे कौतुक होते. १९९८ साली एका आईच्या लक्षात आले की, आपला ११ वर्षांचा मुलगा सँडस्कींबरोबर जाऊन आला तो ओल्या केसांनी. तिने विचारले, मुलाने सांगितले आणि तिने सरळ तक्रार केली. विद्यापीठाच्या पोलिसांनी चौकशी केली, पण सरकारी वकिलांनी खटला भरला नाही. त्या सगळ्या कहाणीत जे करायला हवे ते वेळेवर करणारी व्यक्ती म्हणजे ती आई. तिच्या हाती पुरावा म्हणून मुलाचे ओले केस होते, बाकी काही नाही.

पुढच्या वर्षी सँडस्की निवृत्त झाले, तरी इमारतीत त्यांचा वावर चालूच राहिला. फेब्रुवारी २००१ मध्ये एका शुक्रवारी रात्री माइक मॅक्विअरी या तरुण सहायकाने खेळाडूंच्या शॉवरमध्ये सँडस्कींना एका लहान मुलासोबत पाहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने पटर्नोंच्या घरी जाऊन सांगितले. पटर्नोंनी त्याच्या दुसऱ्या दिवशी क्रीडा संचालक टिम कर्ली यांना सांगितले. कर्ली, उपाध्यक्ष गॅरी शुल्ट्झ आणि विद्यापीठाचे अध्यक्ष ग्रॅहम स्पॅनियर यांच्यात विचारविनिमय झाला. सुरुवातीला बालकल्याण खात्याला कळवायचे ठरत होते. मग कर्लींनी ईमेलमधून कळवले की, जो यांच्याशी बोलल्यावर आपला विचार बदलला आहे, आधी सँडस्कींशीच बोलू. शेवटी सँडस्कींना एवढेच सांगण्यात आले की, मुलांना इथे आणत जाऊ नका. पोलिसांना फोन कुणीही केला नाही.

सँडस्कींना अटक झाली नोव्हेंबर २०११ मध्ये. चारच दिवसांनी पटर्नोंना काढले. जानेवारी २०१२ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने ते गेले. जूनमध्ये सँडस्की ४५ आरोपांत दोषी ठरले. कर्ली आणि शुल्ट्झ यांनी २०१७ साली मुलांना धोक्यात घातल्याचा गुन्हा कबूल केला. स्पॅनियर दोषी ठरले आणि अपिले संपल्यावर २०२१ साली तुरुंगात जाऊन आले. पटर्नोंवर खटला कधीच झाला नाही.

तुमच्या पहिल्या मित्राचे म्हणणे त्या वेळच्या पेन्सिल्वेनियाच्या कायद्याला धरून आहे. तिथे तेव्हा संस्थेतल्या माणसाने संस्थेच्या प्रमुखाला सांगायचे आणि प्रमुखाने सरकारी यंत्रणेला, अशी साखळी होती. पटर्नोंनी आपली कडी जोडली, पुढची तुटली. त्यांच्या कुटुंबाने हेच सांगितले आणि विद्यापीठाने माजी एफबीआय प्रमुख लुई फ्री यांच्याकडून करवून घेतलेल्या अहवालाला उत्तर म्हणून स्वतःचा वेगळा अहवालही काढला. फ्री यांनी पटर्नोंवर झाकपाकीचा ठपका ठेवला होता. ईमेलमधल्या एका ओळीवरून माणसाच्या मनात काय होते हे ठामपणे सांगता येत नाही, हा कुटुंबाचा आक्षेप मला अगदी गैरवाजवी वाटत नाही.

पण तेवढा आक्षेप मान्य करूनही मी दुसऱ्या मित्राच्या बाजूला आहे. २००४ साली स्पॅनियर आणि कर्ली पटर्नोंच्या घरी गेले होते, त्यांनी आता निवृत्त व्हावे असे सुचवायला. पटर्नोंनी नकार दिला आणि दोघे परत आले. त्यानंतरही सात वर्षे पटर्नो पदावर होते. ज्यांना ‘वरिष्ठ’ म्हणून सांगितले ते या माणसाला निवृत्त करू शकत नव्हते! कागदावर कर्ली साहेब होते, पण त्या गावात कुणाचा शब्द चालतो हे पोराटोरालाही ठाऊक होते. पटर्नोंनी एक फोन पोलिसांना केला असता, तर तो खालच्या सहायकाचा फोन म्हणून कुणी बाजूला ठेवला नसता. जबाबदारी पदाच्या तक्त्यावरून मोजली तर पहिला मित्र बरोबर ठरतो. कुणाचे ऐकले जाते यावरून मोजली, तर सगळ्यात जड पारडे पटर्नोंचेच.

याहून मला अधिक टोचते ती दुसरी गोष्ट. शॉवरमधला तो मुलगा कोण होता? तो रात्री घरी कसा गेला, त्याच्या आईला काही कळले का, पुन्हा त्याला सँडस्कींबरोबर कुणी पाहिले का? मॅक्विअरीने विचारले नाही, पटर्नोंनी नाही, कर्ली-शुल्ट्झ यांनी तर नाहीच. एका मुलावर अत्याचार झाल्याचा संशय चार माणसांच्या हातून पुढे सरकला आणि त्यातल्या एकानेही त्याचे नावसुद्धा शोधले नाही. सगळी चर्चा सँडस्कींना कसे सांगायचे, विद्यापीठाचे काय होईल, यावर. पुढे हेच सँडस्की दुसऱ्या एका शाळेच्या संघाला बिनपगारी प्रशिक्षक म्हणून शिकवत होते आणि तिथल्याच एका मुलाच्या तक्रारीने २००८ साली प्रकरणाला तोंड फुटले. मधल्या सात वर्षांत पटर्नो सँडस्कींना अधूनमधून पाहत होते. ‘त्या पोराचे पुढे काय झाले?’ एवढा प्रश्न कर्लींना पुन्हा विचारायला कोणत्याही कायद्याची गरज नव्हती. आपण आणखी काही करायला हवे होते, असे पटर्नो अखेरीस म्हणाले. ते खरेच होते.

आता अमेरिका बाजूला ठेवू, कारण आपल्याकडे याच प्रश्नाचा निकाल लागलेला आहे आणि तो महाराष्ट्रातल्याच प्रकरणात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा इथे एका शाळेच्या वसतिगृहातल्या आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचे २०१९ साली उघड झाले. तपासात १७ अल्पवयीन मुली पुढे आल्या. या मुलींवर उपचार करण्यासाठी नेमलेल्या डॉक्टरवर आरोप होता तो एवढाच, की मुलींकडून कळूनही त्याने पोलिसांना कळवले नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ साली त्याच्यापुरता गुन्हा रद्द केला. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. २ नोव्हेंबर २०२२ रोजी न्या. अजय रस्तोगी आणि न्या. सी. टी. रविकुमार यांनी उच्च न्यायालयाचा तो आदेश रद्द केला. त्या निकालाने डॉक्टर दोषी ठरला नाही, खटल्यातून सुरुवातीलाच सुटका मिळणार नाही एवढेच ठरले. पण न्यायालयाने जे म्हटले ते प्रत्येक शिक्षक-प्रशिक्षकाने लक्षात ठेवावे : माहीत असून न कळवणे हा गंभीर गुन्हा आहे आणि बहुतेक वेळा तो गुन्हेगाराला पाठीशी घालण्याचा प्रयत्न असतो. वेळेत कळवले नाही, तर वैद्यकीय पुरावा हातचा जातो, हेही न्यायालयाने दाखवून दिले.

बदलापूर तर आपण सगळ्यांनी पाहिले. ऑगस्ट २०२४ मध्ये शाळेत चार वर्षांच्या दोन मुलींवर झालेल्या अत्याचाराची तक्रार द्यायला गेलेल्या पालकांना पोलीस ठाण्यात तासन्‌तास बसवून ठेवले गेले. २० ऑगस्टला लोक रेल्वे रुळांवर उतरले. लोकांच्या डोळ्यांपुढे होता तो आरोपी, शाळेतला सफाई कर्मचारी. उच्च न्यायालयाने मात्र स्वतःहून दखल घेऊन शाळेलाही प्रश्न विचारले. संस्थेचे अध्यक्ष आणि सचिव यांच्यावर, कळूनही पोलिसांना न कळवल्याचा गुन्हा नोंदला गेला. ऑक्टोबरमध्ये न्यायालयाने त्यांना अटकपूर्व जामीन नाकारला आणि त्यांना अटक झाली. संस्थेच्या पदाधिकाऱ्याला याच कलमाखाली कोठडी पाहावी लागते, हे महाराष्ट्रातल्या संस्थाचालकांनी तेव्हा ठळकपणे पाहिले.

हे कलम कोणते? लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा, ज्याला आपण सगळे ‘पोक्सो’ म्हणतो, तो १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. त्याच्या कलम १९ प्रमाणे, असा गुन्हा घडला आहे हे ज्याला माहीत आहे किंवा घडण्याची शक्यता ज्याला वाटते, अशा कोणत्याही व्यक्तीने स्थानिक पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवायचे आहे. ‘कोणतीही व्यक्ती’ म्हणजे पगारी, बिनपगारी, मंडळाचा सभासद, बाजूला उभा राहून सराव पाहणारा, सगळे आले. तुम्ही पैसे घेत नाही हे फार चांगले आहे, पण त्याने हे कर्तव्य कमी होत नाही. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला, तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. हे दुसरे कलम तुमच्या मुंबईच्या अध्यक्षांना नक्की वाचायला द्या. पोलिसांनीच नोंद घ्यायला नकार दिला, तर तेही याच कलमात सापडतात.

म्हणजे पेन्सिल्वेनियाची जुनी साखळी आपल्याकडे नाहीच. तिथेही या प्रकरणानंतर कायदा बदलला आणि ज्याला कळले त्याने थेट यंत्रणेला सांगायचे असे ठरले. अध्यक्षांना जरूर सांगा, पण पोलिसांना सांगून झाल्यावर. आधी त्यांना सांगितले तर काय होईल हे तुम्ही माझ्याहून चांगले जाणता. ‘मी गणपतीला येतो, तोवर कुठे बोलू नका’ किंवा ‘गावकीत बसून मिटवू’. हे म्हणणारा माणूस वाईट असेलच असे नाही. त्याला गावाची, त्या पोरीच्या लग्नाची, मंडळाच्या नावाची काळजी वाटत असेल. पण गावकीने मिटवावा असा हा विषय नाही. राजस्थानात एका शिक्षकावरच्या तक्रारीत वडिलांनी तडजोड केली आणि उच्च न्यायालयाने गुन्हा रद्द केला. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. तडजोडीने असा गुन्हा मिटत नाही, हे सांगणाऱ्या त्या खंडपीठावरही न्या. रविकुमार होते.

आता तुमची भीती खोट्या तक्रारीची. ती मनात येणे स्वाभाविक आहे, विशेषतः समोरचा माणूस आपल्याबरोबर रोज मैदानात उतरणारा असेल तर. कायद्याने तिची सोय केलेली आहे. सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. शिक्षा आहे ती केवळ कुणाला बदनाम करण्यासाठी, धमकावण्यासाठी किंवा पैसे उकळण्यासाठी मुद्दाम रचलेल्या तक्रारीला, आणि लहान मुलाला तीही नाही. दुसऱ्या बाजूने, तुम्ही तपास करून खात्री करावी अशीही अपेक्षा नाही. केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली हेच सांगितले : वय १८ नोंदवलेल्या तरुणीचे बाळंतपण करणाऱ्या डॉक्टरांनी तिचे खरे वय शोधून काढायला हवे होते, असे कायदा म्हणत नाही. कळल्यावर सांगणे हे तुमचे काम. खरे-खोटे पोलीस आणि न्यायालय पाहतील.

म्हणून मुलाने सांगितले की उलटतपासणी घेऊ नका. ‘नीट आठव’, ‘तुला तसे वाटले असेल’, ‘मग तेव्हाच का नाही सांगितलेस’ ही वाक्ये तोंडातून निघू देऊ नका. शांतपणे ऐका, सांगितलेस ते चांगले केलेस म्हणा आणि ‘कुणालाही सांगणार नाही’ असे वचन मात्र देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही. घरी आल्यावर मुलाचेच शब्द, तारीख आणि वेळ घालून वहीत उतरवून ठेवा. ज्याच्याबद्दल सांगितले त्याला बोलावून समोरासमोर करू नका. आईवडिलांना सांगा. आरोप घरातल्याच माणसावर असेल तर आधी पोलीस. गुहागरचे पोलीस ठाणे आहे, ११२ आहे आणि मुलांसाठीचा १०९८ हा क्रमांक रात्री-अपरात्रीही चालतो. पोलिसांचे नाव काढल्यावर मुलगी घाबरेल, तर तिला सांगा की जबाब घरी किंवा तिला सोयीच्या जागी घेतला जातो, शक्यतो महिला अधिकारी घेतात आणि त्या गणवेशात नसतात. ही मेहेरबानी नव्हे, कलम २४ मध्ये तसे लिहिलेले आहे. आणि तिचे नाव कुठल्याही ग्रुपवर जाऊ देऊ नका, काळजीपोटीसुद्धा नाही.

इथे एक गोष्ट खटकली ती सांगतो. तुम्ही पत्रात ‘एखाद्या मुलीने’ असे लिहिले आहे. पेन स्टेटमध्ये ज्यांच्यावर अत्याचार झाले ते सगळे मुलगे होते. इंग्लंडमध्ये फुटबॉल प्रशिक्षक बॅरी बेनेलने ज्यांना घरी मुक्कामाला नेले तेही मुलगेच. तो जिथे शिकवत होता त्या क्रू अलेक्झांड्रा क्लबने त्या मुक्कामांबाबत मुलांची अधिक चौकशी करायला हवी होती, असे २०२१ च्या चौकशी अहवालात म्हटले आहे. पोक्सो कायद्याला १८ वर्षांखालचे मूल ठाऊक आहे, मुलगा-मुलगी हा भेद नाही. आपल्याकडे मुलग्याचे कुणी ऐकत नाही. ‘पोरगा आहेस ना?’ म्हणून त्याला गप्प बसवतात. कोकणात तर घराघरात बाप मुंबईला आणि पोर आई-आजीजवळ. अशा पोराला मैदानावरचे ‘सर’ फार मोठे वाटतात. कुणी बूट घेऊन दिले, निवड चाचणीला मुंबईला नेतो म्हटले, की ते पोर त्या माणसाच्या मुठीत जाते. सँडस्कींनी हेरली होती ती अशीच घरे.

कबड्डीत आणखी एक अडचण आहे जी बुद्धिबळाच्या शिक्षकाला नसते. हा खेळच अंगाला अंग भिडवण्याचा. घोटा कसा धरायचा, कंबरेला मिठी कशी मारायची, चढाईपटूला रेषेबाहेर कसे ढकलायचे हे हात लावल्याशिवाय शिकवता येत नाही. त्यामुळे नको तो स्पर्श ओळखायला मुलांना जड जाते आणि ओळखला तरी ‘सर शिकवत होते’ या उत्तरापुढे ती हरतात. यावर माझ्या मते एकच खात्रीचा इलाज : पकड शिकवायची ती सगळ्यांसमोर, आधी बोलून. ‘आता मी तुझा घोटा धरणार, तू सुटून दाखव.’ मुलींच्या पकडी शक्यतो मुलींवरच दाखवा, तुम्ही बाजूला उभे राहून सांगा. रोज असे बोलून शिकवलेत, तर एखाद्याने न बोलता, बंद खोलीत हात लावला, की मुलाला ते वेगळे आहे हे आपोआप कळेल. स्नायू आखडला म्हणून तेल लावून चोळायचे असेल तर मैदानाच्या कडेला, चारचौघांत. वजनगटासाठी वजन करताना मुले कमीत कमी कपड्यांवर उभी राहतात. मुलींचे वजन बाईने करावे आणि मुलग्यांच्या वेळीही दार बंद नसावे.

स्पर्धेला चिपळूण-रत्नागिरीला गेलात की रात्री शाळेच्या वर्गात सतरंज्या टाकून झोपणे आले. त्या रात्रीचा विचार आधी करा. मोठ्यांनी वेगळे झोपावे, मुलींबरोबर एखादी आई किंवा शिक्षिका असावी आणि एकाच मोठ्या माणसाच्या भरवशावर संघ सोडू नये. शेवटची एसटी चुकली आणि पोराला दुचाकीवरून घरी सोडायचे झाले, तर निघण्याआधी घरी फोन करा. सरावाचे निरोप ग्रुपवर द्या, एकेकट्या मुलाला रात्री मेसेज नकोत. हे नियम लिहून काढून मंडळाच्या फळ्यावर लावा आणि पालकांना मैदानावर बोलावून वाचून दाखवा. नियम सगळ्यांना माहीत असले की मोडणारा उघडा पडतो.

आणि नवा प्रशिक्षक घेताना चारित्र्य पडताळणी मागा. मे महिन्यात मुंबईहून एखादा माजी खेळाडू आला आणि फुकट शिबिर घेतो म्हणाला, की आपण हरखून जातो. माणूस बहुधा चांगलाच असतो. तरी २०२० च्या पोक्सो नियमांत मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या संस्थांनी आपल्या माणसांची पोलीस पडताळणी करावी असे म्हटले आहे आणि त्यात खेळाच्या अकादमींचा उल्लेख स्वतंत्रपणे आहे. शाळांसाठी आपल्या राज्याने २०२२ मध्ये सखी सावित्री समित्या सांगितल्या आणि बदलापूरनंतर आणखी आदेश काढले. गावच्या मंडळावर मात्र कुणाचीच नजर नसते. तिथे जे काही करायचे ते तुम्हालाच करावे लागेल. आधी तुम्ही तिघांनी पडताळणी करून घ्या, म्हणजे चौथ्याला मागताना संकोच वाटणार नाही.

राहता राहिला तो भाग तुम्ही विचारलेला नाही, पण प्रशिक्षकाची खरी गरज तिथेच लागते. तक्रार झाल्यावर गावात पहिला निर्णय होतो तो मुलीचा खेळ बंद करण्याचा. आई म्हणते नको ती कबड्डी, शेजारीपाजारी नजर चुकवतात आणि मंडळातलेही कुणी सुटकेचा निःश्वास टाकते. ज्याच्यावर आरोप तो मोकळा फिरतो आणि मूल घरात बसते. पोलीस, बाल कल्याण समिती, न्यायालय यांची कामे ते करतील. तिला मैदानावर परत आणणे त्यांच्यापैकी कुणाच्याही हातात नाही. घरी जा, आईशी बोला, एखादी मैत्रीण बरोबर न्या. ती यायला तयार नसेल तर जबरदस्ती नको, तिच्या वेळेने येईल. पण जिल्ह्याच्या निवड चाचणीसाठी नावे पाठवाल तेव्हा तिला न विचारता तिचे नाव यादीतून गाळू नका.